वर काय हाय?

आमच्या रिवायंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटारी साठतात तसे कमिटीत किस्से साठतात. मोटार निदान भंगारात तरी जाते. किस्सा जात नाही. चहाला दोन माणसं बसली की एकजण म्हणतोच, "मिस्त्री, ते बकरीचं सांगा की." मी पक्कड खाली ठेवतो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. माझ्या धंद्याचं जे काय वाटोळं झालं ते या किस्स्यांनी. लाईटीला उगाच बोल लावू नये.

कमिटी कसली, ते आधी सांगतो. चाकूरच्या बाहेर एक उघडा माळ आहे. तिथं पर्यावरणपूरक घरांची वसाहत करायचं ठरलं. दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, पावसाचं पाणी धरायला अंगणात टाकी, सांडपाण्यावर झाडं. बाजाराच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत जी माणसं राहतात, त्यांच्यासाठी ही घरं. पण आधी गावातल्या चौघांनी तपासून हो म्हणायचं, तेही एकमतानं. एकानं जरी नको म्हटलं तर योजना दुसऱ्या तालुक्याला जाणार.

चौघांतला एक मी. नगरपंचायतीसमोर दुकान असलं की माणूस असा सापडतो. दुसऱ्या चंद्रकलाताई, बचत गटाच्या, त्या पत्र्याच्या वस्तीतच राहतात. तिसरे जब्बारभाई, बोअरच्या गाडीवाले. आणि अध्यक्ष रेवणअप्पा, अडत दुकानदार, कपाळाला विभूती, बोलणं कमी. घरं बांधणार होत्या नांदेडच्या इंजिनिअर मॅडम. वय असेल तिशीच्या पुढं-मागं, येताना एसटीनं यायच्या.

* * *

पहिली मीटिंग. हॉलमध्ये कूलर लावलेला, पडद्यावर नकाशा, प्लेटीत बिस्किटं. अध्यक्षच नाहीत! बघतो तर अप्पा बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले.

"अप्पा, आत या," मॅडम म्हणाल्या.

"वर काय हाय?"

"वर? स्लॅब आहे."

"मग तुम्हीच बाहेर या."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी हळूच सांगितलं. अप्पा मूळचे औशाकडचे. भूकंपात त्यांचं घर बसलं. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. अप्पा गणपती बोळवून आले आणि बाहेर ओट्यावरच आडवे झाले. आत बायको होती आणि पाळण्यात वर्षाची पोरगी. त्या दिवसापासून अप्पा पत्र्याशिवाय दुसऱ्या कशाखाली गेले नाहीत. पुतण्यांनी दोन मजली घर बांधलं, अप्पा अंगणात पत्र्याच्या खोलीत राहतात. देवळात गेले तरी मंडपातूनच हात जोडतात.

मॅडमनी पडद्याचं मशीन बाहेर आणलं तर उन्हात पडद्यावर काहीच दिसेना. मग बाईंनी काडी घेतली आणि सगळी वसाहत लिंबाखालच्या धुळीत काढली. रस्ता, टाक्या, घरं. खाली उकिडवं बसून, साडीची पर्वा न करता. मी तर बघतच राहिलो.

तेवढ्यात एक बकरी आली आणि तिसऱ्या घरातून निवांत चालत गेली.

चंद्रकलाताई म्हणाल्या, "मॅडम, ह्या घराला दार ठेवायचं राहिलं वाटतं."

* * *

अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन हा किस्सा कमिटीच्या आधीचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मोतीबिंदू पिकला. लातूरचा डॉक्टर म्हणाला आत्ताच काढू. अप्पांनी दारातूनच विचारलं, "वर काय हाय?" डॉक्टर कौतुकानं म्हणाला, "वर आमचे अजून तीन मजले आहेत." अप्पा माघारी फिरले ते थेट स्टँडवर. पुतण्या हातापाया पडला. मी सोबत होतो, मीही बोलून बोलून थकलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

शेवटी अप्पांनीच तोड काढली. म्हणाले, "मला दिसलं न्हाई पाहिजे. डोळे बांधा, मग न्या."

म्हणून लातूरच्या त्या दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधून आत शिरलेला पेशंट एकच आहे. बाकीचे पट्टी बांधून बाहेर येतात.

* * *

जब्बारभाईंचं ऐका. हे मूळचे मुखेडकडचे, गावोगाव यांच्या गाडीनं जमिनीला भोकं पाडलेली. मॅडम सांगून राहिल्या होत्या की या वसाहतीत एकही बोअर घ्यायचा नाही. पावसाचं पाणी टाकीत, तेच वर्षभर पुरवायचं. मी मनात म्हटलं, झालं, गेली योजना. बोअरवाला कुठं बिनबोअरच्या वसाहतीला हो म्हणणार? कसाई कधी शाकाहारी पंगतीला जेवायला बसलाय?

जब्बारभाई बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "मॅडम, इस माळ पे मैं तीन बार गाडी लाया. मालकाची बायको हर बार नारळ फोडती, हर बार धूल निकलती. मी पैसे घेऊन जातो, ती बाई तिथंच उभी राहती. मेरे को रात को वो बाई दिखती."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"बिना बोअर का बनाओ. मेरा हाव समझो."

मला खरंच भरून आलं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन हो म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. उठून त्यांचा हात धरावा म्हटलं, तर जब्बारभाई पुढं बोलले, "सिर्फ टाक्यांचं खोदकाम मेरे को देना."

* * *

नकाशात घरांच्या छतावर गवत होतं. छतावर माती टाकायची, गवत लावायचं, घर थंड राहतं. पुण्याच्या मोठमोठ्या लोकांनी पास केलेला नकाशा. रंग पण सुरेख दिले होते.

चंद्रकलाताईंनी तो उलटा धरला, सुलटा धरला. विचारलं, "पापड कुठं वाळवायचे?"

मॅडम म्हणाल्या, "अंगणात."

"अंगणात कोंबड्या. शेवया, कुरडया, खारोड्या? आमच्या पत्र्यावर काय वाळतंय? गटाच्या बाया उन्हाळाभर लोकांच्या गच्चीवर असतात, मॅडम. आमचं पोट त्या गच्चीवर वाळतं. तुम्ही तिथं गवत लावून राहिले. गवत काय तळून विकायचं?"

मॅडमनी पेन काढलं आणि गवतावर आडवी रेघ मारली. तिथंच. ना वरिष्ठांना विचारते, ना बघू करू. पुण्याचं गवत ताईंनी एका पापडात उपटलं.

अप्पा मात्र गंभीर झाले होते. म्हणाले, "चंद्रकला, पत्रा काय वाईट हाय? पत्रा पडला तर खोक पडती, जीव जात न्हाई."

ताईंची सून तेव्हा पोटुशी होती. पहिलं नातवंड उन्हाळ्यात झालेलं, पत्र्याखाली त्याच्या अंगावर तांदळाएवढं घामोळं उठायचं, ओलं फडकं टाकून त्याला निजवायचे. हे सगळं अप्पांना माहीत होतं. ताई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पत्रा एकदम जीव घेत नाही, अप्पा. रोज थोडं थोडं भाजतो."

अप्पा उठून गेले. त्या दिवशी मीटिंग तिथंच संपली.

* * *

आता विटेचं. मातीची वीट पाण्यात विरघळेल, ही सगळ्या गावाची शंका. माझ्या दुकानात पाणबुडी मोटारी तपासायचा हौद आहे. मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, वीट तुमच्या हौदात ठेवू?" मी म्हटलं ठेवा.

ठेवली आणि पस्तावलो. सकाळ झाली की लोक हजर. "विरघळली का?" शिरूर अनंतपाळहून एक पाहुणा खास बघायला आला. एक म्हातारी नमस्कार करून गेली. पुढं पुढं हौदाच्या काठावर फुलं दिसायला लागली, एकानं तर उदबत्ती खोचली. मला मोटारी टेस्ट करायला जागा नाही! मी म्हटलं आता पावती पुस्तक तेवढं छापायचं राहिलं.

आठवड्यानं वीट काढली. अप्पा दुकानाच्या पत्र्याखाली बसलेले. त्यांनी ती मांडीवर घेतली, नखानं खरवडली, टिचकी मारून कानाला लावली. हरभऱ्याचं पोतं पारखणारा माणूस तो, त्याची बोटं मी बघत होतो.

"खणखणीत हाय," ते म्हणाले. "भिजली न्हाई, हे बघितलं. हलली तर?"

मॅडम त्यांच्यासमोर बसल्या. सांगितलं की भिंतीत खाली, मधे आणि वर सिमेंटचे पट्टे आहेत, कोपऱ्यांत सळ्या आहेत, वर माळवदाचं ओझं नाही, पातळ स्लॅब आहे. मशीनवर अशी भिंत हलवून बघितलेली, त्याचे कागदही दाखवले. अप्पांनी सगळे कागद वाचले. चष्मा काढून मिटला.

"कागद बरोबर असंल, मॅडम. पण कागदाखाली कुणी झोपत न्हाई. मातीच्या घराला मी हो म्हणायचं आन उद्या कुणाचं लेकरू आत राहिलं, तर मी कुठं बघू?"

मॅडमनी कागद गोळा केले. फक्त म्हणाल्या, "मग एक घर बांधून दाखवते. तुम्ही बघा, मग नाही म्हणा."

* * *

माळावर नमुन्याचं घर उभं राहिलं. दोन खोल्या, भिंतींचा रंग आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखा. बघायला अख्खं गाव लोटलं. अप्पा आले, पण दारापासून चांगले लांब, मोकळ्या आभाळाखाली उभे राहिले.

म्हणाले, "जब्बार, तुझी गाडी आण. भिंतीला चिटकून बोअर मार. घर हलू दे."

मी म्हटलं, अप्पा, हे कुठल्या पुस्तकात बसतं? मॅडम पण स्पष्ट बोलल्या, "अप्पा, खोटं सांगणार नाही. बोअरची गाडी म्हणजे भूकंप नव्हे. यातून काही सिद्ध होत नाही."

"तुमचं न्हाई होत. माझं होतंय."

बिनबोअरच्या वसाहतीत बोअरची गाडी आली. जब्बारभाईंनी ती भिंतीशेजारी लावली. चंद्रकलाताईंनी आत फळीवर स्टीलची भांडी मांडली, म्हणजे हादरा ऐकू यावा. मॅडमनी पदर खोचला आणि आत जायला निघाल्या. "मी बांधलंय, आत मी बसते."

अप्पा म्हणाले, "थांब, पोरी."

मॅडमना त्यांनी पहिल्यांदाच अशी हाक मारली. आणि सरळ दाराकडं चालायला लागले. पुतण्या धावला, म्हणाला, "काका, डोळे बांधू का?"

"नको."

दारात क्षणभर थांबले, वर बघितलं आणि आत गेले. डोळे उघडे. माझ्या शेजारी ताई पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या.

आतून आवाज आला, "जब्बार, लाव गाडी."

जब्बारभाईंचा हात खटक्यावर होता, पण खटका दाबवेना. अप्पा पुन्हा ओरडले तेव्हा बिस्मिल्ला म्हणून दाबला. काय तो आवाज! पायाखालची जमीन दणादणा नाचायला लागली. आतली भांडी खडखडायला लागली, एक तांब्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत आला. भोकातून पांढरी धूळ उसळली आणि घर दिसेनासं झालं. पुतण्या रडत होता. मॅडम दोन्ही हात भिंतीवर टेकवून उभ्या होत्या, जणू पडलीच तर त्याच धरणार होत्या. हा माणूस आत काय ऐकत असेल, असं माझ्या मनात आलं.

गाडी बंद झाली. धूळ खाली बसली. पाण्याचा थेंब नव्हताच. "देखा? धूलच," जब्बारभाई पुटपुटले, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. भिंतीला चीर नव्हती.

अप्पा मात्र बाहेर येईनात.

हाक मारली, उत्तर नाही. मग मॅडम पुढं आणि आम्ही तिघं मागं, असे आत गेलो. अप्पा खोलीच्या मधोमध मांडी घालून बसले होते. डोक्यावर, खांद्यावर पांढरी धूळ. विभूती कुठली आणि धूळ कुठली ते कळत नव्हतं. ते वर स्लॅबकडं बघत होते, एका जागी, बारीक नजरेनं.

"अप्पा?" मॅडम खाली बसल्या. "काही चुकलं का?"

अप्पांनी बोट वर केलं.

"कडी बसवली न्हाई तुम्ही. पाळणा कुठं बांधायचा?"