दिलीप, रुमाल नाकाला बांध!

माझ्या भावजयीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. "अक्का, हे गेले..." एवढंच ती बोलली. रडू यायच्या आधी मला राग आला. दिलीप, माझा धाकटा भाऊ, जाऊन आज पाच आठवडे झाले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

चिकलठाण्याकडे जाताना त्याची शेड होती. गाड्यांना खालून गंज धरू नये म्हणून काळा फवारा मारायचा, हे त्याचं काम. वीस वर्षं तो वर उचललेल्या गाड्यांखाली उभा राहून तो उग्र वास छातीत घेत होता. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, नाक झाका, नाहीतर हे काम सोडा. मी फिल्टरचा मास्क आणून दिला, तर "लई कोंडतं, अक्का" म्हणून त्याने तो खिळ्याला टांगला. मग मी जुन्या ओढण्यांचे मोठे दुपदरी रुमाल शिवले. पालथ्या घड्यावर पाणी! ज्याने आईचं कधी ऐकलं नाही, तो माझं काय ऐकणार... गाडीच्या बाबतीत मात्र भारी काटेकोर. धुतलेली गाडी खडखडीत वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. घाईतल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "ओल्यावर मारलं तर गंज आतल्या आत खातो. घाई असंल तर दुसरीकडं जावा." यातली थोडी अक्कल स्वतःच्या छातीसाठी वापरली असती तर!

मे महिन्यात माझ्या गाडीच्या तळाला गंज दिसला. मी रोज सिल्लोडला शाळेत जाते. दुसऱ्या कुणाकडे टाकते म्हटलं तर हा रुसला. "माझ्या बहिणीची गाडी दुसरा करणार व्हय?" मी नमले. त्याबद्दल स्वतःला माफ करणं मला अजून जमलेलं नाही. त्या दिवशी रुमाल मी माझ्या हातांनी त्याच्या नाकाला बांधला आणि चहा सांगायला गेले. परत येते तर हा उघड्या तोंडाने फवारतोय, आणि माझा रुमाल पुढच्या चाकाच्या ब्रेकवर, चिकटपट्टी लावून! मी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्याने ओरडले.

"झाकायला कागद संपला होता, अक्का," तो खोकत म्हणाला. "ब्रेकवर फवारा गेला तर ब्रेक लागत नाय. तू रोज चौक्याचा घाट उतरती."



पंधरा दिवसांनी तो दवाखान्यात, ऑक्सिजनवर. मला पाहून त्याने नाकावरचा मास्क खाली ओढला. वाटलं, मनातलं काही बोलेल. "गाडी खालून जोरात पाणी मारून धू नको," म्हणाला. "महिनाभर कच्चं असतं ते." मी मास्क परत चढवला आणि "गप पड" म्हणून दटावलं. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

गाडी मी अजून धुतलेली नाही. शाळेतून परतताना चौक्याच्या घाटात उतारावर ब्रेक दाबते. तो लगेच लागतो. आणि मला दिलीपचा पुन्हा संताप येतो.