एक इंच पाइपाचा घर्षणांक

निसर्ग कधीही खोटं बोलत नाही. आमच्या जलशास्त्र प्रयोगशाळेच्या दारावर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. ते आपल्याला स्वतःला सुचलं, असं संस्थेचे अध्यक्ष सांगतात. दार दिवसातले बावीस तास कुलूपबंद असतं, त्यामुळे खोटं बोलायची संधी निसर्गाला तशी कमीच मिळते.

आमचं तंत्रनिकेतन मूल गावाच्या अलीकडे, भाताच्या बांध्यांना लागून आहे. मी तिथे जलशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळा इमारतीच्या शेवटच्या टोकाला, कारण पाणी सांडतं. तिच्यात पुलीवरचा पंप आहे, सिमेंटची टाकी आहे आणि भिंतीलगत आडवा बसवलेला एक इंची लोखंडी पाइप आहे. पाइपाला दोन ठिकाणी भोकं पाडून रबरी नळ्या लावल्या आहेत. त्या जातात काचेच्या यू-नळीत. पाणी सोडलं की यू-नळीतल्या पाऱ्याच्या एका बाजूची पातळी खाली जाते, दुसरीची वर. जितकं अंतर जास्त, तितकं पाण्याने पाइपाशी झगडण्यात गमावलेलं बळ जास्त. त्यावरून घर्षणांक काढायचा. सेमिस्टरचा चौथा प्रयोग हाच.

विद्यार्थी हा प्रयोग करत नसत. पंप सुरू करत, पाऱ्याकडे आदराने बघत, आणि आधीच्या बॅचच्या जर्नलातले आकडे उतरवून घेत. आधीच्या बॅचने तिच्या आधीच्या बॅचचे घेतलेले. मूळ आकडे पाइप नवा असताना कोणीतरी खरोखर मोजले असावेत. तो सद्गृहस्थ कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. पूर्वी जर्नल हातोहात फिरायचं. आता त्याचे फोटो बॅचच्या ग्रुपवर येतात. मी आकडे जुळतात का बघायचो आणि सही करायचो.

पाइप आतून पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे मला माहीत होतं. आमच्या बोअरचं पाणी लोहाचं. बादली दोन दिवस ठेवली की तळाशी तांबडा गाळ बसतो. इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी एकट्याने प्रयोग करून पाहिला. घर्षणांक जर्नलातल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आला. मी कॉक बंद केला, फरशी पुसली आणि खोलीवर गेलो. कोणाला सांगितलं असतं तर नव्या पाइपाची मागणी करावी लागली असती. त्याआधी, वर्षभर सह्या कशा केल्या, हे विचारलं गेलं असतं.

रविवारी मी प्रयोगशाळेत काय करत होतो, हा प्रश्न रास्त आहे. माझं घर नागपूरला. मुलांच्या शाळा तिथे, बायकोची नोकरी तिथे. सुरुवातीला बाकीच्या प्राध्यापकांसारखा मीही दर शनिवारी बस धरायचो. मग पंधरा दिवसांनी. मग सणावारी. भांडण झालं नाही; भांडायला दोघांना एका जागी असावं लागतं. रोज संध्याकाळी फोन होतो. जेवलात का, जेवलो. तुम्ही, आम्हीपण. दोन्हीकडची माणसं व्यवस्थित जेवतात.

शनिवारी दुपारनंतर आवारात मी आणि प्रयोगशाळेचे परिचर एवढेच उरायचो. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही. ते जवळच्याच गावचे. त्यांची रविवारची फेरी कुलपं तपासण्यापुरती असायची. खोलीवर पंख्याचा आवाज असह्य झाला की मी प्रयोगशाळेत जाऊन कॉक उघडून बसायचो. भाऊंनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "सर, तुमी पाण्यासंग बोलून राह्यले का?"

"ऐकतोय."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. "बोलू नका. थे वापस बोललं तं पंचाईत."

पाणी ऐकण्यासारखं असतं, हे मात्र खरं. ते सावकाश चालतं तेव्हा भिंतीलगतचा त्याचा थर जवळजवळ थांबलेलाच असतो. पाइपातले उंचवटे, गंजाच्या खपल्या, सगळं त्या थराखाली झाकलं जातं. वरून जाणाऱ्या पाण्याला भिंत कशी आहे, याचा पत्ताही लागत नाही. कॉक उघडत नेला की तो थर पातळ होत जातो. एका क्षणी खपल्यांची टोकं बाहेर येतात, पाणी त्यांच्यावर आदळतं, घुसळतं, आणि आवाजाला खरखर येते. नवा गुळगुळीत पाइप असेल तर वेग वाढेल तसा घर्षणांक हळूहळू उतरत जातो. खडबडीत पाइपात तो थोडा उतरतो आणि मग अडून बसतो. कितीही कॉक उघडा, आकडा तिथेच.

हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. मुलं लिहून घेतात.

काही वर्षांपूर्वी तिसाव्या क्रमांकाचं जर्नल माझ्यासमोर आलं. आकडे जुळत नव्हते. पहिली दोन रीडिंग इतरांच्या जवळपास होती, नंतर फरक वाढत गेला, आणि शेवटच्या चारांत घर्षणांक अडून बसला होता. मी जर्नल मिटलं आणि पुन्हा उघडलं. आकडे बनवणारं पोर इतकं शहाणपणाने बनवत नाही.

जर्नल एका मुलीचं होतं. मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या गावची, गोंड घरातली. वर्गात भिंतीच्या बाजूला बसायची. मी तिला बोलावलं.

"हे रीडिंग कुठून आणलं?"

"पाईपातून, सर."

"बाकीच्यांचं वेगळं आहे."

"बाकीच्यांचं मले कोनी दाखवलं नाई."

"ग्रुपवर आलं असेल."

"मी ग्रुपात नाई, सर."

तिने तक्रार केली नाही, माहिती दिली. हॉस्टेलमध्ये दोन वर्षं काढलेल्या मुलीला ग्रुपमध्ये घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. जर्नल न मिळाल्यामुळे तिच्यापुढे एकच मार्ग उरला: तिने प्रयोग केला. सत्यनिष्ठेचा यात काही संबंध असेल असं मला वाटत नाही. तिला दुसरं काही मिळालं नव्हतं.

मी लाल पेनाने लिहिलं, 'पुन्हा करा.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आकडे आले. सोबत भाऊही आले. "सर, पोट्टीनं दोन डाव केलं. मीच पंप चालवला. आता तिसऱ्यांदा सांगता का? पाईप का तुमच्या धाकानं गुळगुळीत होनार आहे?"

मी सही केली. आपण मोठं धैर्य दाखवलं असं संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं. मग प्रॅक्टिकल परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि ध्यानात आलं, की सहीने काहीच होत नाही. गुण बाहेरचे परीक्षक देतात. ती पहिल्या वर्षी एकदा नापास झालेली होती. आणखी एक वर्ष लागलं तर घरी यायचं, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. हे मला तिने नाही, भाऊंनी सांगितलं. आवारातली माणसं काय बोलतात, हे मला नेहमी भाऊंकडूनच कळायचं.

परीक्षक दुसऱ्या गावच्या कॉलेजातले ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. अध्यक्ष जातीने आले, दारावरचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि निघून गेले. परीक्षकांनी शाल घडी करून पंपावर ठेवली आणि तोंडी परीक्षा सुरू केली. एकोणतीस मुलं अर्ध्या दिवसात झाली. सगळ्यांचे आकडे दशांशापर्यंत सारखे पाहून ते प्रसन्न दिसत होते. मुलीचं जर्नल हातात घेतल्यावर ते थांबले.

"हा घर्षणांक कसा आला?"

"मोजला, सर."

"पुस्तकात हा आकडा गंजलेल्या पाइपासाठी दिलाय."

"हो, सर."

"मग चुकलं तुमचं."

त्यांनी गुणपत्रकावर पेन टेकवलं. पास व्हायला पंचवीसपैकी दहा लागत होते, आणि पेन दहाच्या बाजूला जाताना दिसत नव्हतं. तिने ओढणीचं टोक हातात धरलं होतं आणि ती माझ्याकडे नाही, पाइपाकडे बघत होती. मला तो रविवार आठवला, पुसलेली फरशी आठवली. त्या रविवारचा आकडा ठाऊक असणारा जगात मी एकटा माणूस होतो, आणि एकटं असायची मला चांगली सवय होती. गप्प बसलो असतो तर जमलं असतं.

"रीडिंग बरोबर आहेत, सर," मी म्हणालो. "पाइप गंजलेला आहे."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग या एकोणतीस जर्नलांवर तुमच्या सह्या कशा?"

मी तिच्या जर्नलातल्या शेवटच्या चार रीडिंगांवर बोट ठेवलं.

"पाइप गंजलाय याला पुरावा काय?"

"तिचे आकडेच पुरावा आहेत. घर्षणांक अडून बसलाय बघा."

"तो आकड्यांचा पुरावा आकड्यांनीच झाला," ते म्हणाले. हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

भाऊ कोपऱ्यातून मोठा पाना घेऊन आले. जोड फिरेना. त्यांनी तेल सोडलं, पान्यावर लटकून पाहिलं. जोड जागचा हलला नाही. मग ते हेक्सॉ घेऊन आले. पाइप डेड स्टॉक रजिस्टरवर होता. तो कापणं म्हणजे संस्थेची मालमत्ता मोडणं, आणि भाऊंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

"भाऊ, राहू द्या. मी कापतो," मी म्हणालो.

"तुमाले जमनार नाई. पातं तोडान." त्यांनी पाइपावर पाय रोवला. "बारा वर्सं झाली याले पानी पाजून राह्यलो. आत का आहे, थे मलेबी पाहू द्या."

मी कोऱ्या कागदावर 'माझ्या सांगण्यावरून पाइप कापण्यात आला' असं लिहून सही केली. त्या वर्षातली, वाचून केलेली ती दुसरी सही. कापायला बराच वेळ लागला. परीक्षकांनी घड्याळात दोनदा पाहिलं. शेवटी तुकडा टाकीच्या कठड्यावर पडला आणि आम्ही चौघांनी आत वाकून पाहिलं.

एक इंचाचं भोक आता एक इंच राहिलेलं नव्हतं. आतून तांबूस-काळ्या गाठी उगवल्या होत्या, वारूळ फोडल्यावर दिसतं तसं. मुलीने बोट घातलं आणि बाहेर काढलं. ते तांबडं झालं होतं.

"आमच्या हापशीचा पाईप बी असाच निंगला होता," ती म्हणाली. त्या दिवशी न विचारता ती एवढंच बोलली.

परीक्षकांनी तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. मग "हं" म्हणाले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी गुण भरले. एकोणतीस जणांना बावीस-तेवीस दिले. तिला दहा. प्रयोगाची मांडणी पुस्तकाप्रमाणे नाही, असा शेरा त्यांनी मारला. जाताना ते शाल विसरले होते. भाऊ ती धावत जाऊन देऊन आले.

ती पास झाली. मला मेमो आला. संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान का केलं, याचा खुलासा मी दोन पानांत दिला आणि एक वेतनवाढ घालवून बसलो. भाऊंना काही झालं नाही, माझा कागद होता म्हणून. ते ठरल्या दिवशी निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांच्याविषयी बोलायला अध्यक्षांना त्यांचं आडनाव चिठ्ठीवर लिहून द्यावं लागलं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. कुलपं आता मीच तपासतो.

नवा पाइप मंजुरीत आहे. रविवारी प्रयोगशाळेत गेलो तर उघडायला कॉक आहे, पण त्याच्यापुढे काही नाही. पंप सुरू केला तर पाणी सरळ फरशीवर येतं. म्हणून मी बसतो नुसता. खिडकीतून बांध्या दिसतात, पलीकडून गोंदियाची गाडी जाते. संध्याकाळी फोन येतो. जेवलात का. जेवलो.

दोन वर्षांनी अशाच एका रविवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. वनरक्षकाच्या भरतीत निवड झाली होती, चारित्र्याचा दाखला पाहिजे होता.

मी अभिनंदन केलं. इंजिनिअरिंगचं काम का नाही धरलं, विचारलं.

"जंगल घराजवळ आहे, सर."

हे पटण्यासारखं होतं. फोन ठेवायची तिला घाई नव्हती, मला तर नव्हतीच. मी म्हणालो, "तो कापलेला तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. कधी इकडे आलीस तर बघून जा."



"कोन्ता तुकडा, सर?"

"पाइपाचा."

"कोन्ता पाईप?"

मी म्हणालो, काही नाही, दाखला पाठवतो. दाखल्याला जावक क्रमांक लागतो आणि रविवारी जावक बंद असते, म्हणून तो तिला सोमवारी मिळाला.