शुक्रवारचा बल्ब

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या भिवंडीतल्या कामतघर वस्तीत कुणाच्या अंगात आलं की बाया नारळ घेऊन धावायच्या, मी मात्र चुलीपुढे भाकऱ्या थापत बसायची. मासिकात लोक असे अनुभव लिहितात, तेही वाचून मला हसूच येतं. तरी आज लिहायला बसले आहे. पाठवीन की नाही, माहीत नाही... चौथी शिकलेल्या बाईचं कोण छापणार?

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. आमची खोली कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याला लागून, मधे एकच भिंत. आमचे हे तिथेच लूमच्या मोटारी दुरुस्त करायचे, पण सगळा जीव हॅम रेडिओत, म्हणजे घरबसल्या दूरदूरच्या लोकांशी बिनतारी बोलायच्या छंदात. परीक्षा देऊन लायसन काढलं होतं आणि सेट स्वतःच्या हातांनी जोडला होता. ऐकायचाही आणि बोलायचाही, एकाच पेटीत. लूम चालू असले की त्यात नुसती घरघर यायची. म्हणून यांचा वार शुक्रवार. त्या दिवशी लूम बंद, सगळी भिवंडी गप्प, आणि आमच्या खोलीत दिवसभर तारेच्या खटक्यावर ठोकलेलं मोर्स, डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा.

एकदा मी विचारलं, "हे सारखं काय वाजवता?"

"सीक्यू. म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्यानं उत्तर द्या."

"मी ऐकते की."

"तू कशाला? तू तर घरातलीच हायस!"

तेव्हा मीसुद्धा हसले होते.

सेट बिघडला की हे एरियलची वायर काढून तिच्या जागी साधा बल्ब लावायचे. मग चाचणी घेताना आवाज बाहेर हवेत जायचा नाही, बल्बातच जळायचा. हे ठोकतील तसा बल्ब लांब-आखूड लागायचा. आणि पेटीत हात घालायच्या आधी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात. "फ्यूज माझ्याजवळ असला ना, मग कुणी चुकून बटण दाबलं तरी मी वाचलो," म्हणायचे.

ते गेले त्या शुक्रवारीही फ्यूज खिशातच होता. मी बाहेर नळावर होते. आत आले तर हे सेटवर ओणवे पडलेले... यांचा एक दोस्त मयताला आला होता, तो म्हणाला की बटण बंद केलं तरी आतल्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, तो आधी उतरवायचा असतो, तेच राहिलं असेल. पण सासूबाईंनी त्याआधीच छाती बडवून घेतली होती— "हिनंच बटन दाबलं! माझा पोर खाल्ला हिनं!"

मी खिशातला फ्यूज काढून दाखवला. माझे धाकटे दीर लूमवरच्या हिंदीत म्हणाले, "वहिनी, ये तो बाद में भी रख सकते हैं ना?"

चार माणसांत बोलायची मला कधी सवय नव्हती. मी गप्प राहिले, आणि लोकांनी त्याचाच कबुलीजबाब केला. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी कुणी घेईना. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिथेच राहिले. फ्यूज मात्र पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

वर्ष व्हायच्या आत भाऊजींनी सेटला गिऱ्हाईक आणलं. कल्याणचे एक गृहस्थ, तेही हॅम. शुक्रवार, भर दुपार. सेट टेबलावर, त्याला बल्ब तसाच जोडलेला. प्लग भाऊजींनी केव्हाच उपटून वायर गुंडाळून ठेवली होती. गृहस्थांनी झाकण काढलं. "फ्यूज कुठे आहे हो, ताई?"

मी गाठ सोडली. फ्यूज माझ्या तळहातावर होता... आणि बल्ब लागला.

डा-डि-डा-डिट. डा-डा-डि-डा.

आवाज काही नाही. नुसता उजेड. पण तो ठोका मी शेकडो वेळा ऐकलेला. त्यापुढे आणखी काही अक्षरं लागली, तसे गृहस्थ खुर्चीवरून उठले. "हा... हा त्यांचाच कॉलसाईन आहे, त्यांच्या लायसनवरचा."

"काय म्हनतो माझा पोर?" सासूबाई पुढे सरकल्या.

"कोणी आहे का, विचारतायत."

बल्ब विझला. हॅम लोक हाक मारून झाली की उत्तरासाठी थांबतात, हे मला ठाऊक होतं. मी माइक उचलला. यांच्या हयातीत त्याला कधी हात लावला नव्हता. सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, मी बोलते आहे. मी बटण दाबलं नव्हतं. एवढं सांगा या सगळ्यांना."

भाऊजींनी गुंडाळलेली वायर उचलून प्लग नीट पाहिला.

बल्ब परत लागला. डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा... कोणी आहे का? कोणी आहे का? अगदी पहिल्यासारखंच. मी परत बोलले, या वेळी ओरडून. परत तेच. मग बल्ब विझला तो कायमचा.

"हिचं नाव घेतलं का त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

गृहस्थांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. "नाही."

"बघा! नाव पन घेत न्हाय तिचं!"

झालं. गृहस्थ सेट न घेताच गेले. भाऊजींनी तो भंगारात दिला, आणि माझ्यावरचा आळ होता तिथेच राहिला. उलट आता त्याला यांचीच साक्ष मिळाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, कंडेन्सरमध्ये करंट राहिला तरी एखादी ठिणगी उडेल, अक्षरं कशी उमटतील? प्लग नाही, फ्यूज माझ्या हातात. मग बल्ब कसा लागला, हे मला आजही कळलेलं नाही. कळून घ्यायची इच्छाही फारशी उरली नाही.

दुसरं एक मात्र अजून टोचतं. मेल्यावर माणूस एवढ्या लांबून आला, साऱ्या जगाला हाका मारल्या, आणि हातभर अंतरावर उभी राहून मी दोनदा उत्तर दिलं ते त्यांना ऐकू गेलं नाही.

घरातलीच होते ना मी.