मॅडममावशी आणि बंगल्याची गिऱ्हाइकं

अतिथिगृह चालवायचं आणि आलेला अतिथी कधी एकदा जातो हे तोंडावर दाखवायचं, ही दोन्ही कामं एकदम जमलेली बाई मी एकच पाहिली. पनवेलपासून जरा आत, कर्नाळ्याच्या बाजूला त्यांच्या आजोबांनी इंग्रजी अमदानीत बांधलेला दगडी बंगला, भोवती ऐसपैस बाग आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत त्या. नोकरमाणसं मॅडम म्हणत, गाव मावशी म्हणे. आम्ही नेहमीचे पाहुणे दोन्ही बाजू सांभाळून मॅडममावशी म्हणायचो. मला त्यांचा राग यायचा आणि दर वर्षी मी तिथेच जायचो.

बाग पाहिल्याशिवाय खोलीची किल्ली मिळत नसे. हातात बॅगा असोत, कडेवर रडकं पोर असो, सूट नाही. "खोली कुठं पळून जात नाही. अनंत आज फुललाय, उद्या नसेल." मग अनंत, बकुळ, रामफळ, प्रत्येकाची कुळकथा. एका पाहुण्याने मध्येच वायफायचा पासवर्ड विचारला, त्याला पाण्याच्या टाकीमागची खोली मिळाली.

मावशी कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू. चूल बंद ती शनिवारी दिवस मावळेपर्यंत. मुंबईची मंडळी नेमकी शनिवारी गरम भजी खायला यायची आणि त्यांच्या पानात शुक्रवारचं जेवण पडायचं. कुणी कुरकुरलं तर त्या म्हणत, "आमच्या पणज्याला गाव शनवार तेली म्हणायचं. शनिवारी घाणा बंद. आता घाणा गेला, शनिवार आहे." स्वयंपाकाच्या ठमाबाई मात्र पाहुण्याला हळूच सांगत, "आमचे घरा या, भजी देते. मावशीला सांगू नका. तशी तिला ठाव हाय."

विमानतळ आला तसं उलव्यापासून इकडे सगळ्या जमिनींना पाय फुटले. मावशींचा एकुलता मुलगा इस्राएलमध्ये. तो दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पंधरा दिवसांची रजा काढून येई, तो बंगला विकून आईला घेऊन जायचं असं ठरवूनच. मावशी हो म्हणत. गिऱ्हाइकं येत, त्यांनाही आधी बाग. एकाला फणसाच्या जागी पोहण्याचा तलाव दिसला, तो कटला. एकाने रामफळाला सीताफळ म्हटलं, तोही कटला. "पुढच्या वर्षी नक्की," असं सांगून मावशी मुलाच्या बॅगेत गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा डबा भरत आणि तो कपाळाला हात लावून विमानात बसे. झाडांत जीव अडकलाय बाईचा, असं आम्ही सगळे कौतुकाने म्हणायचो.

मग मी शहाणपणा केला. माझे एक निवृत्त मित्र आणि त्यांची पत्नी, दोघं वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, त्यांना घेऊन गेलो. त्यांनी झाडन्‌झाड ओळखलं. एकही तोडणार नाही, अतिथिगृह चालवू, हवं तर शनिवारी चूलही पेटवणार नाही, म्हणाले. मावशींनी चहा पाजला, त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाल्या, "नको. तुमचे मित्र फार मोठ्यानं बोलतात."

माझं डोकंच फिरलं. "झाडांपायी पोराला किती वर्षं हेलपाटे घालायला लावणार आहात?"

त्या गुलाबाची वाळकी फुलं खुडत होत्या. हात थांबला नाही. "झाडांचं काय हो, मी नसले तरी पाऊस पडेलच. तिकडे त्याच्याकडे मी राहून आलेय. सकाळी जातो, रात्री येतो, जेवताना फोन. इथं पंधरा दिवस माझ्यासमोर बसून भांडतो तरी. बंगला विकला की भांडायला काय राहील?"



गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या. त्यांच्यात दफनाला थांबत नाहीत. मुलगा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बंगला त्याने माझ्या मित्रालाच दिला. व्यवहार दोन बैठकांत आटोपला, कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही. किल्ल्या देऊन निघताना तो फाटकाशी थांबला.

"काका, आई एवढी का अडून बसली होती? झाडांसाठीच ना?"

"हो," मी म्हणालो. "झाडांसाठीच."