कमी रुंदीची कॉइल

ती रविवारची दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात मी तेव्हा ठाणे प्रभारी, तिकडच्या भाषेत टीआय, होतो, आणि निवृत्ती जवळ आली होती. उन्हाळ्याचे दिवस, ठाण्यात शुकशुकाट. शहराबाहेरच्या औद्योगिक भागातून फोन आला की छपराचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात मालकच कॉइलखाली सापडून मेला.

कॉइल म्हणजे रंगवलेल्या लोखंडी पत्र्याची गुंडाळी. वजन काही टनांत. ती क्रेनने उचलून यंत्राच्या तोंडाशी असलेल्या स्टँडवर चढवतात. यंत्राचे रोलर सपाट पट्टीवर उंचवटे पाडत जातात आणि दुसऱ्या टोकाने छपराचा पत्रा बाहेर पडतो. हे सगळे मला नंतर कळले. त्या दिवशी मी पाहिले ते इतकेच : स्टँडजवळ जमिनीवर एक माणूस आडवा, बाजूला क्रेनच्या पट्ट्यात लटकलेली कॉइल, आणि भिंतीला टेकून रडणारा दुसरा माणूस. त्याचा शर्ट रक्ताने भरला होता.

हे दोघे भागीदार आणि त्याआधी मित्र. दोघांचे वडील महाराष्ट्रातून नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला आलेले. क्वार्टर शेजारशेजारी, शाळा एक. मेलेला यंत्र सांभाळायचा, जिवंत होता तो खरेदी-विक्री बघायचा.

"मी ऑफिसात होतो साहेब," तो सांगू लागला. "तो फोपनार गावच्या ऑर्डरची कॉइल चढवत होता. पट्ट्यात घसरून अंगावर आली असेल. आवाज आला, धावत आलो, कॉइल मागे घेतली, त्याला ओढून काढला. पण सब खतम."

सुट्टीमुळे कामगार नव्हते. आम्ही पंचनामा केला, कॉइल आणि क्रेन जप्त केली, मर्ग कायम केला. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला आमच्याकडे मर्ग म्हणतात. माझा प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, अनुभवी होता. परतताना जीपमध्ये म्हणाला, "साहब, सीधा ॲक्सिडेंट है." मलाही तसेच वाटत होते.

शवविच्छेदन गृहाबाहेर मृताची बायको बसली होती. तिने फार काही सांगितले नाही. "सकाळी कुणाचा तरी फोन आला. बोलले, आणि कपातला चहा तसाच टाकून निघून गेले. रविवारी ते कधी जात नाही साहेब." फोन कुणाचा, हे तिला माहीत नव्हते.

डॉक्टरांचा अहवाल आला आणि मी तो दोनदा वाचला. छातीचा पिंजरा चुरडला होता, पाठीवर स्टँडच्या लोखंडाची खूण होती. कमरेखाली साधे खरचटलेलेही नव्हते. घसरलेली वस्तू खाली येते. पायावर येते, मांडीवर येते. ही कॉइल आडवी चालत आली होती. पट्टाही धड होता, कुठे कापला-फाटला नव्हता. पण एवढ्यावरून कुणाला धरता येत नाही.

मृताच्या फोनवरचे कॉल आम्ही तपासायला घेतलेच होते. तेवढ्यात फोपनारचा एक केळी उत्पादक आपण होऊन ठाण्यात आला. चांगला खातापिता, साठीचा माणूस. खुर्चीत बसला तो संकोचूनच.

"टीआय साहेब, माणूस मेला त्याच्या चौथ्या दिवशी मी असं विचारू नये. पण माझे पत्रे आता कोण बदलून देईल?"

"कशाला बदलायचे?"

"एकावर एक बसूनच नाही राहिले. एका बाजूची कडच अपुरी आहे. फिटर म्हणे, इसमें हवा घुसेगी, पूरा छप्पर उडेगा. साहेब, त्या शेडखाली बाया बसतात केळी भरायला. आमच्याकडं मे महिन्याचं वादळ कसं असतं, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून रविवारी सकाळी मी त्यांना फोन लावला. कड कशी आहे, ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, 'एकही पत्रा चढवू नका. मी आजच बघतो, सगळे परत नेतो.'"

चहा टाकून तो का निघाला, ते मला कळले. माझा अनुभव असा की जो खास खबर द्यायला येतो, त्याचे त्यात बहुधा काही हित असते. खरी खबर दुसऱ्याच कामाला आलेला माणूस देऊन जातो, आणि आपण काय दिले हे त्याला ठाऊकही नसते.

फोपनारला जाऊन मी पत्रे पाहून आलो, जप्त केलेल्या कॉइलची रुंदीही मोजून घेतली. मग भागीदाराला बोलावले. आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि म्हटले, "तुमचा धंदा मला समजत नाही. कॉइलची रुंदी कशी ठरवता, तेवढं सांगा."

त्याचा चेहरा सैल झाला. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारले की तो सावध राहायचे विसरतो. टेबलावरचा एक कोरा कागद घेऊन त्याने घड्या घालून दाखवल्या.

"हे देखो साहेब. कागद पहिल्यापेक्षा अरुंद झाला ना? उंचवटे पाडले की रुंदी आत खेचली जाते. आमच्या यंत्राला बाराशे वीस मिलिमीटरची कॉइल लागते. तयार पत्रा छपरावर हजार सत्तर झाकतो. आणि शेवटचा उंचवटा शेजारच्या पत्र्यावर पूर्ण बसला पाहिजे. पाणी तिथंच अडतं, वारा पण तिथंच अडतो."

"कमी रुंदीची चढवली तर?"

"शेवटची कड घडणारच नाही. बाकी पत्रा तसाच दिसतो. ढीग पडलेला असला तर गिऱ्हाईकाला कळत पण नाही."

"जाणकार माणूस चढवेल?"

"नाही चढवणार."

"तुमचा मित्र जाणकार होता?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग तिथं लटकत होती ती कॉइल साडेअकराशेची कशी?"

तो हातातल्या कागदाकडे बघत राहिला. "त्याची चूक झाली असेल."

"सकाळी त्यानं फोपनारला सांगितलं की हे पत्रे परत नेतो. आणि दुपारी त्याच रुंदीची कॉइल, त्याच ऑर्डरसाठी, आपल्या हातानं चढवायला गेला?"

मी छातीची जखम सांगितली, स्टँडची खूण सांगितली. मग थांबलो. अशा वेळी अधिकाऱ्याने बोलू नये.

कागद टेबलावर ठेवून तो सांगू लागला. कमी रुंदीचा माल स्वस्त पडायचा. मित्र नसेल त्या दिवशी तो एका कामगाराला घेऊन असे पत्रे काढायचा. त्या रविवारी तो कामगार यायच्या आत तो एकटाच कॉइल उचलत होता, आणि मित्र दारात उभा राहिला. भांडण झाले. मित्र स्टँडला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आता लावून दाखव." क्रेनचा रिमोट याच्या हातात होता.

"मी फक्त घाबरवणार होतो साहेब."

"बटण दाबून धरावं लागतं?"

"हो."

"सोडलं की क्रेन थांबते?"

"थांबते."

"मग?"

"सोडलं नाही."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. म्हणून आम्ही पुढचे काम धीराने केले. अभियंता आणि पंचांसमोर क्रेन चालवून पाहिली. बटणाशिवाय ती तसूभरही सरकत नव्हती. डॉक्टर, शेतकरी, त्याचा फिटर, रविवारी कामाला येणारा तो कामगार, सगळ्यांचे जबाब घेतले. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला आणि त्याला शिक्षा झाली.

ते पत्रे अजून कुठे कुठे गेले, हे त्याच्याकडून काढून घेऊन मी शिपाई पाठवले. काहींनी ते उतरवले. एकजण हसून म्हणाला, "अजून तर उडालं नाही ना?"

खटला संपल्यावर मृताची बायको नवऱ्याचा मोबाइल आणि किल्ल्या घ्यायला आली. सही केली आणि उभीच राहिली.

"साहेब, ती क्रेन मी पाहिलेली आहे. हळू चालते. मग हे बाजूला का नाही झाले?"

हाच प्रश्न मी भागीदाराला विचारला होता. खोटे सांगावे, पाय अडकला होता म्हणावे, असे क्षणभर मनात आले. पण इतके दिवस ती खरे ऐकण्यासाठीच ठाण्याच्या पायऱ्या चढत होती.

"ताई, भागीदार म्हणाला, 'त्याला वाटत होतं मी थांबेन. शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत होता.'"

तिने किल्ल्या पदराच्या टोकाला बांधल्या. "हो. ते थांबलेच असतील त्याच्यासाठी," एवढेच म्हणाली आणि गेली.

नोकरीत आम्हाला वैर शोधायला शिकवतात. या दोघांत वैर नव्हते. एका क्षणाच्या रागात माणूस खुनी होतो असे लोक म्हणतात, पण ते मला पुरते पटत नाही. ज्या बायांचे चेहरे त्याने कधी पाहिले नव्हते, त्यांच्या डोक्यावर तो कितीतरी दिवस ते पत्रे पाठवत होता, आणि रात्री नीट झोपतही होता. त्या दुपारी फरक एवढाच होता की चेहरा समोर होता, ओळखीचा होता. मला वाटते, तोवर त्याला थांबायची सवयच उरली नव्हती.