अँटिगाचा खटला आणि खोडदचे पंच

जगातला कुठलाही तंटा खोडदच्या पारावर आणता आला, तर तो दुपारच्या चहापर्यंत मिटवता येईल, असा ठाम विश्वास असलेला पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्कांचा, नवरा. गावच्या तंटामुक्ती समितीचे हे अध्यक्ष. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, कुणाच्या शेळीने कुणाची मेथी खाल्ली याचे, असे सगळे तंटे त्यांनी इतक्या नेटाने मिटवले की एके दिवशी रजिस्टर उघडून बसले तर मिटवायला काही उरलंच नव्हतं. दुसरा कुणी सुखाने झोपला असता. साडूभाऊंची मात्र झोप उडाली. "दोन कुत्री भांडली तरी हे चप्पल घालून निघत्यात," असं आक्का म्हणायच्या, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

त्याआधी त्यांची सारी नोकरी गावालगतच्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र अँटेनांना ग्रीस देण्यात गेली. आकाशातून येणारी फार लांबची कुजबुज तिथे ऐकतात, आणि मोबाईलच्या लहरींनी ती बुजते, हे त्यांच्या मनावर असं बिंबलं की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते आपला फोन घरात पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि वर झाकण गच्च लावत. हवा तेव्हा काढायचा, बोलायचं, पुन्हा डब्यात. त्यामुळे त्यांचा फोन जगाला लागे, जगाचा फोन त्यांना लागत नसे. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "पावणं, तिकडं ताऱ्याचा आवाज यायला हजारो वर्षं लागत्यात. तुमाला दोन दिस थांबवत न्हाई?"

मध्यंतरी सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि पारावरची तरुण मंडळी हळहळली. साडूभाऊंनी बंदीला पाठिंबा जाहीर केला. पण पाठिंबा दिला म्हणजे चौकशी संपली, असं त्यांच्यात नाही. मी घोडेगावला वाणिज्य शिकवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. "अशा बंदीवरून देशादेशांत तंटा झालाय का कुठं?" झालाय, असं मी म्हणून गेलो, आणि ती माझी चूक. मग मला अँटिगाची सगळी गोष्ट सांगावी लागली. वेस्ट इंडिजमधलं चिमुकलं बेट. तिथल्या कंपन्या इंटरनेटवरून अमेरिकेतल्या लोकांना पैजा लावू देत. अमेरिकेने आपल्या कायद्याने ते अडवलं. बेट जिनिव्हाला जागतिक व्यापाराच्या पंचांकडे गेलं. पंच म्हणाले, लोकांच्या नीतीसाठी बंदी घालायला हरकत नाही, पण घरच्या घोड्यांच्या शर्यतीवर लांबून पैजा लावायला तुम्ही मोकळीक ठेवता आणि बेटाला तेवढं अडवता, हे कसं? अमेरिका हरली, पण कायदा काही बदलला नाही. मग पंचांनी बेटाला मुभा दिली की अमेरिकेच्या सिनेमा-गाण्यांचे हक्क थोडेसे मोडा आणि नुकसान भरून घ्या. बेटाने तेही अजून केलेलं नाही, ते तडजोडीची वाट बघतंय.

साडूभाऊ ऐकता ऐकता मांडी बदलायचे विसरले. पुढचे दोन महिने अँटिगा हा खोडदचाच एक मळा असावा, अशा आपुलकीने ते बोलत होते. तिथे पाऊस किती, पिण्याचं पाणी कुठून येतं, लोक काय पिकवतात, आणि ज्या गावात एवढे उंच गोलंदाज निपजतात तिथली माणसं अमेरिकेसमोर मान खाली का घालतील, असे प्रश्न मला वर्गात शिकवतानाही आठवत. नातीच्या नकाशात बेट सापडेना, म्हणून त्यांनी समुद्रात अंदाजाने एक मोहरी चिकटवली. शेवटी जिनिव्हाला मराठीत अर्ज लिहिला. दोन्ही पक्षांना खोडदला पाठवावं, येण्याची तारीख आधी कळवावी, जेवणाची सोय समिती करील. हा अर्ज रजिस्टर करायला ते नारायणगावच्या पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी जिनिव्हाचा पिनकोड विचारला. "गाव एवढं परसिद्ध हाय, पिनकोड कशाला?" म्हणून ते वाद घालत राहिले. अर्ज गेला की नाही, ते कळलं नाही. उत्तर आलं नाही एवढं खरं.

एका रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. ते अमेरिकेवर खवळले होते. "बंदी घालायची तर समद्यांना घाला! घरचा घोडा पळतो त्यो खेळ, आन् दुसऱ्यानं फोनवर लावलं की जुगार? ह्यो न्याय हाय व्हय?" आणि मी, निव्वळ कुतूहलाने, बोलून गेलो, "भाऊ, बापूंच्या पत्त्यांचं असंच झालं होतं ना?"

बापू म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या वर्षीच्या यात्रेत अध्यक्षांनी गावात पैजेवर बंदी पुकारली होती. पारावर बापू आणि त्यांचे तिघे सोबती रमी खेळत होते, हरेल त्याने भजी आणायची या बोलीवर. साडूभाऊंनी बापूंच्या सासुरवाडीच्या पाहुण्यांदेखत त्यांच्या हातातले पत्ते काढून घेतले, सगळा कॅट जप्त केला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. त्याच दुपारी शर्यतीच्या घाटात साडूभाऊंची स्वतःची बैलजोडी पळाली, आणि आपलाच गाडा पहिला येणार म्हणून त्यांनी शेजाऱ्याशी फेट्याची पैज मारली होती. ती नोंद कुठेच नव्हती. बापू बायको-मुलांना घेऊन येडगावच्या मळ्यात राहायला गेले. चार यात्रा झाल्या, ते गावात फिरकले नाहीत. तंटामुक्त गावच्या अध्यक्षाला सख्खा भाऊ उरला नव्हता, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक असून त्यांच्यासमोर कुणी बोलत नव्हतं.

साडूभाऊंनी मांडी बदलली. मग म्हणाले, "म्हंजी पावणं, अमेरिका मीच की." आत आक्कांच्या हातातलं लाटणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबतीला घेतलं. खिशात जप्त केलेला कॅट, हातात कागदावर लिहिलेला निकाल. येडगावला धरणाच्या कडेला बापू अंगणात कांदे निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. साडूभाऊंनी उभ्यानेच सुरुवात केली, तीही अँटिगापासून. अर्ध्या तासाने अमेरिका हरली, तेव्हा कुठे निकाल वाचला. "घरच्या बैलाला सूट आन् भावाच्या पत्त्याला बंदी, ह्यो दुजाभाव झाला. चूक अध्यक्षाची. तक्रारदारानं भरपाई मागावी."

बापू कांदे निवडतच म्हणाले, "निकालाला चार वर्सं लागली व्हय? मी तर पुढल्याच यात्रेला फोन केला व्हता दादा. दोनदा. बंद लागला. म्हटलं, तुला बोलायचं न्हाई."

साडूभाऊ कांद्यांपाशी खाली बसले. "डब्यात व्हता रं," ते म्हणाले. एवढंच. ज्या माणसाने उभी हयात लांबचे आवाज नीट ऐकू यावेत म्हणून घालवली, त्याच्या तोंडाकडे त्या क्षणी मला बघवेना. 

बापूंनी पुढचा कांदा उचलत विचारलं, "त्या बेटाला घावली का भरपाई?"

"न्हाई अजून. वाट बघतंय."

"मंग मीबी बघतो. भरपाई घेतली की तंटा मिटला. आन् तंटा नसला की तू कुणाच्या दारात जातो का कधी? आण तो कॅट इकडं. पुढल्या सोमवारची तारीख दे."

तेव्हापासून दर सोमवारी येडगावला सुनावणी असते. हरेल तो भजी आणतो. रजिस्टरमध्ये साडूभाऊंनी स्वतःच्या हाताने हा तंटा प्रलंबित म्हणून लिहिलाय, आणि त्यापायी गाव तंटामुक्त राहिलं नाही याचं त्यांना काही वाटत नाही. अँटिगाची मोहरी नकाशावरून गळून पडली, तीही त्यांनी पुन्हा चिकटवली नाही. गेलेल्या चार वर्षांबद्दल ते बोलत नाहीत. फक्त डबा ओट्यावर उलटा घातलाय आणि फोन त्याच्यावर, उघड्यावर ठेवलेला असतो.

परवा आळेफाट्यावरून मी सहज त्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "कोन, बापू का?" त्यांनी घाईने विचारलं. मी माझं नाव सांगितलं. "हां, तुमी व्हय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली निराशा ऐकून मला फार बरं वाटलं.