तीन बोटं

सोयाबीनच्या खोलीच्या कुलपात तेल सोडलं आणि ते कुलूप बघून माझं पहिलं बाळंतपण आठवून डोकं फिरलं. तेव्हा दवाखान्यात सकाळपासून पिशवीचं तोंड तीन बोटंच उघडून अडलं होतं. सिस्टर म्हणाली, "पहिलटकरणीला वेळ लागतोच, चालत राहा." सासूबाईंना ते पटेना. घरात कुलूप लागलेलं असलं की बाई अडते, असा त्यांचा समज. आष्टीच्या घरी फोन लावून त्या माझ्या नवऱ्यावर ओरडत होत्या, "कपाट उघडलं? पेटी? सोयाबीनची खोली न्हाई? मंग ही कशी मोकळी व्हईल? जल्दी उघड!" इकडं माझी कंबर फुटत होती, पण पाठ चोळायला कुणाला सवड नव्हती. दुपारी पोरगी झाली. तोवर शेळ्यांनी सोयाबीनची दोन पोती फोडली होती. आज धाकट्या जावेला दवाखान्यात नेलंय. आत्ताच फोन आला, अजून तीनच बोटं. मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि गुपचूप कुलूप काढलं.